रोज पाठीवरून नेता येईल असा लॅपटॉप : कॉलेजच्या मुलांसाठी निवड करताना

प्रवेशाच्या फेऱ्या संपून कॉलेज निश्चित झाले, की घरोघरी पुढचा विषय लॅपटॉपचा निघतो. मी कल्याणच्या पुढे एका महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पालक आणि नवे विद्यार्थी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, आणि तो बहुतेक वेळा एकाच स्वरूपात असतो : "मॅडम, आय-फाइव्ह पुरेल की आय-सेव्हन घेऊ?" माझा उलट प्रश्न असा असतो, की मुलगी रोज कॉलेजला येणार कशी? कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरणारी, गावातून एसटीने तालुक्याला येणारी आणि कॉलेजच्या आवारातल्याच वसतिगृहात राहणारी, अशा तिघींना एकच यंत्र योग्य ठरणार नाही. प्रोसेसर महत्त्वाचा आहेच. पण जड म्हणून जो लॅपटॉप घरीच राहतो, तो कितीही वेगवान असला तरी प्रयोगशाळेत, ग्रंथालयात किंवा चौघांनी मिळून प्रकल्प करताना उपयोगी पडत नाही. म्हणून वजन, बॅटरी आणि बांधणी या गोष्टी आधी ठरवाव्यात आणि उरलेल्या पैशांत जेवढा वेग मिळेल तेवढा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाहिरातीत छापलेले वजन हे फक्त लॅपटॉपचे असते, चार्जरचे त्यात धरलेले नसते. १५.६ इंची साधा लॅपटॉप साधारण १.६ ते १.८ किलोचा असतो, १४ इंची १.३ ते १.५ किलोचा, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप २.२ ते २.५ किलोचा. गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर आणि त्याची जाड वायर मिळून आणखी अर्धा-पाऊण किलो भरते. त्यात एक लिटर पाण्याची बाटली, म्हणजे एक किलो, शिवाय डबा, जर्नल, एखादे जाड पाठ्यपुस्तक आणि पावसाळ्यात छत्री, एवढे सामान धरले तर पाठीवर सहा किलो सहज होतात. गर्दीच्या गाडीत बॅग पुढे छातीशी घेऊन तासभर उभे राहणाऱ्या मुलीसाठी त्यातला प्रत्येक पाव किलो जाणवणारा असतो. ज्यांना आकड्यांवरून अंदाज येत नाही त्यांना मी एक प्रयोग सुचवते. रोजच्या बॅगेत नेहमीचे सामान भरावे, दुकानात पसंत केलेल्या लॅपटॉपचे आणि त्याच्या चार्जरचे वजन मिळून जेवढे होते तेवढे तांदूळ पिशवीत बांधून त्यात ठेवावेत, आणि दोन दिवस ती बॅग घेऊन कॉलेजला जाऊन यावे. यानंतर बरीच मुले आपणहून चौदा इंचीकडे वळतात. लोकलने किंवा एसटीने रोज जा-ये करणाऱ्यांसाठी लॅपटॉप आणि चार्जर मिळून १.८ किलोची मर्यादा मी धरते.

हलकेपणाचाही अतिरेक होऊ शकतो. २००७ साली आलेला आसुसचा पहिला ईई पीसी एक किलोपेक्षा कमी वजनाचा होता, पण त्याचा सात इंची पडदा ८०० बाय ४८० पिक्सेलचा होता, कळा लहान होत्या आणि त्यावर सलग लेखन करणे कष्टाचे होते. आजही अगदी स्वस्त, ११ इंची, ४ जीबी मेमरीचे (रॅमचे) लॅपटॉप "विद्यार्थ्यांसाठी" म्हणून विकले जातात. शाळकरी मुलांच्या ऑनलाइन तासाला ते पुरतील. पदवीची तीन-चार वर्षे त्यांवर निभणार नाहीत.

बॅटरीचा विचार वजनाच्या जोडीनेच करायला हवा, कारण आपल्या वर्गांची रचना लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून झालेली नाही. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात भिंतीला दोन-तीन सॉकेट असतात, त्यांतला एक प्रोजेक्टरने अडवलेला असतो आणि एखाद्याचे बटण तुटलेले असते. पुण्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे, आणि वसतिगृहात एका खोलीत चौघांना मिळून एखादाच चांगला सॉकेट मिळणे हेही नवे नाही. अशा ठिकाणी "दहा तासांपर्यंत चालते" हे खोक्यावरचे वाक्य फारसे कामाचे नसते, कारण ती चाचणी बहुतेक वेळा पडद्याचा उजेड कमी ठेवून आणि एखादा व्हिडिओ सलग चालवून घेतलेली असते. त्याऐवजी तांत्रिक माहितीच्या तक्त्यात बॅटरीची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते, तो आकडा शोधावा. वाचन, लेखन, ब्राउझर आणि वायफाय एवढ्या कामाला साधा लॅपटॉप सरासरी आठ वॅटच्या आसपास वीज घेतो असे धरले, तर ४२ वॅट-तासांची बॅटरी सुमारे पाच तास आणि ५७ वॅट-तासांची सुमारे सात तास पुरेल. शेकडो वेळा चार्ज झाल्यावर प्रत्येक लिथियम बॅटरीची क्षमता घटते, तेव्हा तिसऱ्या वर्षी ऐंशी टक्केच उरेल असे समजून हिशेब करावा. म्हणजे पाच तासांचे चार होतात आणि दुपारच्या प्रात्यक्षिकाला लॅपटॉप बंद पडतो. पन्नास हजारांच्या आतबाहेरच्या अनेक लॅपटॉपमध्ये ४१-४२ वॅट-तासांचीच बॅटरी असते, हे मुद्दाम तपासण्यासारखे आहे. रोज दिवसभर बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी पन्नासच्या वरचा आकडा मी आवश्यक मानते.

चार्जिंगचे तोंड टाइप-सी असणे ही आता चैन राहिलेली नाही. ६५ वॅटचा लहान टाइप-सी चार्जर सव्वाशे-दीडशे ग्रॅमचाही मिळतो, त्याच चार्जरने फोनही चार्ज होतो, आणि घरी एक व बॅगेत एक असे दोन ठेवणे परवडते. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही टाइप-सी चार्जिंग बंधनकारक केले आहे. मात्र लॅपटॉपला टाइप-सी भोक आहे म्हणजे त्यातून तो चार्ज होतोच असे नाही. अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये ते फक्त डेटासाठी असते आणि चार्जिंगसाठी जुनी गोल पिन दिलेली असते. तक्त्यात त्या पोर्टच्या पुढे "पॉवर डिलिव्हरी" असे लिहिलेले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर दुकानदाराला टाइप-सी चार्जर लावून दाखवायला सांगावे. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

आता प्रोसेसर. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरवरची केवळ पाटी आहे. खरी माहिती तिच्या पुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते. इंटेलच्या नावाच्या शेवटी यू असेल तर तो कमी विजेवर चालणारा, मूळ १५ वॅटचा प्रोसेसर असतो. एच असेल तर ४५ वॅटचा. आय५-१२४५०एच किंवा आय५-१३४२०एच हे प्रोसेसर चांगले वेगवान आहेत, आणि किंमत पाहता मोहात पाडणारेही आहेत. पण तेच जेव्हा ४२ वॅट-तासांच्या बॅटरीबरोबर आणि लहान पंख्याबरोबर पातळ लॅपटॉपमध्ये बसवलेले असतात, तेव्हा जड काम सुरू होताच पंख्याचा आवाज ग्रंथालयात ऐकू येतो आणि बॅटरी भराभर उतरते. डिसेंबर २०२३ पासून इंटेलने कोअर अल्ट्रा ही नवी नावे आणली, तिथेही शेवटचे अक्षर पाहावेच, फक्त वॅटचे आकडे तिथे वेगळे असू शकतात.

प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी म्हणजे एएमडी; तिच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. ७००० क्रमांकांच्या रायझन मालिकेत क्रमांकातला तिसरा अंक प्रोसेसरची अंतर्गत रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे शेजारी ठेवली तर दहाचाच फरक दिसतो, पण पहिला २०१९ सालच्या झेन २ या रचनेवर आधारलेला चार कोअरचा (म्हणजे काम करणाऱ्या चार भागांचा) आहे आणि दुसरा झेन ३ वर आधारलेला सहा कोअरचा. दुकानाच्या फलकावर दोन्हींच्या पुढे "रायझन ५, सात हजार सिरीज" एवढेच लिहिलेले असते. ७५२०यू मधली मेमरी मदरबोर्डला झाळलेलीच असते, म्हणजे आठ जीबीचा घेतला तर तो अखेरपर्यंत आठ जीबीचाच राहतो. पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घेतल्याशिवाय आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी म्हणते ते यासाठी.

मेमरी आता १६ जीबीच घ्यावी. विंडोज ११, वीस-पंचवीस टॅब उघडलेला ब्राउझर, ऑनलाइन व्याख्यान आणि बाजूला एखादी मोठी पीडीएफ, एवढ्यातच आठ जीबी भरून जातात. अँड्रॉइड ॲप शिकणाऱ्यांना तर अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरसाठी निदान १६ जीबी हवीच. आज एवढे पैसे नसतील तर आठ जीबीचा लॅपटॉप घेण्यास हरकत नाही, पण त्यात मेमरीचा एक खाच रिकामा असला पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी पट्टी टाकता येते. पातळ लॅपटॉपमध्ये ही सोय कमी होत चालली आहे; इंटेलच्या ज्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी व्ही असते, त्यांत मेमरी प्रोसेसरच्याच पाकिटात बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरे आहे. ती विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते म्हणून काही पालक फसवणूक झाल्याच्या शंकेने येतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढेच त्याचे कारण आहे.

बांधणीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि तिसऱ्या वर्षी सर्वाधिक खर्च तिच्यावरच होतो. माझ्या वर्गातल्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला बिघाड प्रोसेसरचा किंवा मेमरीचा नसून बिजागरीचा आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नळ्यांमध्ये बसतात, त्या नळ्या प्लास्टिकच्या झाकणात रुतवलेल्या असतात. बिजागरी घट्ट असेल आणि झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडले जात असेल, तर सगळा ताण एका बाजूच्या नळ्यांवर येतो, प्लास्टिकला केसाएवढी चीर पडते, नळी उपटून येते, आणि मग झाकण उघडताना पडद्याची चौकट मधूनच फाकते. तेवढ्यावरही वापर चालू ठेवला तर पडद्याची केबल दबते. दुकानात असताना झाकण मधोमध धरून सावकाश उघडून पाहावे, ते उघडताना खालचा भाग जास्त उचलला जातो का ते पाहावे, झाकणाचे दोन कोपरे धरून अगदी हलका पीळ देऊन ते किती वाकते ते पाहावे, आणि कीबोर्डच्या मध्यावर बोट दाबून तो खचतो का तेही पाहावे. शक्य असेल तर निदान झाकण तरी धातूचे असलेला लॅपटॉप निवडावा. अमेरिकी लष्करी मानकाचा उल्लेख जाहिरातीत असतो, पण त्या चाचण्या कंपनी स्वतः निवडते व करते; पडून मोडलेला लॅपटॉप त्या उल्लेखाच्या आधारे वॉरंटीत दुरुस्त होत नाही.

गर्दीत पडदा फुटतो तो बहुतेक वेळा धक्क्याने नव्हे, तर दाबाने. लॅपटॉपच्या कप्प्यातच अडॅप्टर ठेवलेला असतो, गाडीत मागून माणसे रेटतात, आणि अडॅप्टरची कड झाकणाच्या मध्यावर रुतते. लॅपटॉप स्वतंत्र कप्प्यात पाठीच्या बाजूला आणि चार्जर व बाटली दुसऱ्या कप्प्यात, एवढी शिस्त पाळली तर हजारो रुपये वाचतात. पावसाळ्यात बॅगेच्या कव्हरवर विसंबू नये, कारण पाठीकडून गळणारे पाणी ते अडवत नाही. आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. विंडोजच्या नव्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर यंत्र पूर्ण झोपत नाही, मधून मधून जागे होऊन इंटरनेटशी बोलत राहते, आणि बंद बॅगेत ते तापते व बॅटरी संपवते. सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट होण्याची सोय निवडावी, किंवा निघताना सरळ शट डाउन करावे.

पडद्याबद्दल थोडक्यात : आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी नीट दिसणारे), निदान ३०० निट (उजेडाचे एकक) उजेड, आणि जमल्यास १६:१० प्रमाण. या प्रमाणात १०८० ऐवजी १२०० ओळी मिळतात, त्यामुळे पीडीएफ वाचताना आणि प्रोग्राम लिहिताना सारखे खालीवर करावे लागत नाही.

शाखेनुसार काही अपवाद मात्र आहेत. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्रिमितीय चित्रे घडवण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच, तेव्हा त्यांनी वजन स्वीकारून दोन किलोच्या आतला पर्याय शोधावा. संगणकशास्त्राच्या मुलांना मशीन लर्निंगसाठी गेमिंग लॅपटॉप हवा असतो असा समज आहे. पदवीच्या अभ्यासक्रमातले बहुतेक प्रकल्प गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गूगलचे संगणक वापरू देणाऱ्या सेवेवर, फुकट होतात. ॲपलचे १३ इंची मॅकबुक एअर साधारण १.२४ किलोचे आहे, त्याला पंखा नाही, बॅटरी उत्तम आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याची किमान मेमरीही १६ जीबी झाली आहे. साहित्य, पत्रकारिता, शुद्ध विज्ञान किंवा प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला, बजेट असेल तर, मी ते आनंदाने सुचवीन. पण स्थापत्य अभियांत्रिकीला लागणारे रेव्हिट, ईटॅब्स व स्टॅड प्रो, यांत्रिकीचे सॉलिडवर्क्स आणि वाणिज्य शाखेचे टॅली प्राइम ही सगळी विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि ॲपलच्या सध्याच्या चिपवर विंडोज थेट बसवण्याची जुनी सोय उरलेली नाही. २०२४ पासून आलेल्या, स्नॅपड्रॅगन एक्स या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज लॅपटॉपची बॅटरीही दीर्घकाळ टिकते, परंतु त्यांवर काही विशेष सॉफ्टवेअर आणि जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर चालत नाहीत, त्यामुळे अभियांत्रिकीच्या मुलांनी आधी आपल्या विभागात चौकशी करावी. वाणिज्यच्या मुलांना आकड्यांचा वेगळा कळसंच हवा असतो म्हणून ते १५.६ इंची घेतात. चौदा इंचीबरोबर काहीशे रुपयांचा सुटा यूएसबी नंबर पॅड घेऊनही ते काम होते.

ज्यांच्या घरी साठ हजार काढणे अवघड आहे, त्यांना माझा सल्ला असा, की वीस-पंचवीस हजारांचा नवा दुबळा लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून परत केलेला, नीट तपासलेला बिझनेस लॅपटॉप घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि बहुतेक मोठ्या शहरांत असे लॅपटॉप मिळतात. थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ हे सगळे २०१८ च्या सुमाराचे, दीड किलोच्या आसपासचे, मेमरी वाढवता येणारे आणि टिकाऊ बिजागरीचे लॅपटॉप आहेत. इंटेलची आठवी पिढी ही इथली सीमारेषा समजावी, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार "टाकून देतो" म्हणाला तरी सहाव्या-सातव्या पिढीचा घेऊ नये. विंडोजची बॅटरी रिपोर्ट ही आज्ञा चालवून डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे पाहावेत. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. या रस्त्याने गेलेल्या मुलांना कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही. माझ्या वर्गातले काही सर्वांत चांगले प्रकल्प अशाच लॅपटॉपवर झालेले आहेत.

खरेदीची घाई करू नये. पहिल्या सत्रात बहुतेक कॉलेजांत प्रात्यक्षिके संगणक प्रयोगशाळेतच होतात, तेव्हा महिनाभर थांबून वरच्या वर्गातल्या मुलांना कोणते सॉफ्टवेअर लागले ते विचारावे आणि दसरा-दिवाळीच्या सवलतींमध्ये घ्यावा. शैक्षणिक कर्ज घेत असाल तर अर्ज भरतानाच बँकेत विचारा. अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाची वाजवी किंमत अनेक बँकांच्या शैक्षणिक कर्जात धरता येते. वॉरंटीत घरी येऊन दुरुस्ती आहे की सेवा केंद्रात न्यावे लागते ते पाहावे, कारण तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी दोन फेऱ्या म्हणजे कामाचे दोन दिवस जातात. पडझडीचे संरक्षण देणारी योजना लोकलच्या प्रवाशांनी पहिल्या वर्षी तरी जरूर घ्यावी. आणि लॅपटॉप घरी आल्यावर त्याच दिवशी खालचा सिरीयल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख पाहावी : कधी कधी ती विक्रीच्या दिवसापासून नव्हे, तर माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजलेली दिसते, आणि अशा वेळी जीएसटीचे पक्के बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते.